काळ्या पडद्यावरील तेजोरेषा

सन 1979 मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यातील खडक आणि ते इवलेसे त्रिकोणी यान ज्या निर्मळ, धारदार रेषांनी रेखलेले दिसे, तशा रेषा घरच्या दूरचित्रवाणी संचावर उमटणे शक्य नव्हते. कारण तेथे इलेक्ट्रॉनांचा किरण सबंध पडदा ओळीमागून ओळ असा नेमाने पिंजून काढी, आणि येथे मात्र तो आकृतीपुरताच, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट नेला जातो.

त्याला नेतात त्या चित्रनलिकेच्या मानेवर बसविलेल्या दोन कॉइली. एक आडव्या दिशेसाठी, दुसरी उभ्या. किरण किती वळावा हे कॉइलीतील विद्युत्प्रवाह ठरवितो, आणि प्रवाहात एकाएकी बदल करू पाहिल्यास कॉइल, उसाने लादलेल्या बैलगाडीप्रमाणे, जागची हलावयास तयार होत नाही. दूरचित्रवाणीच्या आडव्या कॉइलीला 625 ओळींच्या पद्धतीत सेकंदाला 15,625 वेळा एकच ठरीव फेरी करावयाची असल्यामुळे, परतीच्या वेळी तिच्यातील ऊर्जा परत मिळविण्याची तजवीज करता येई. रेषाचित्राचा पुढचा हुकूम मात्र कोणत्या दिशेचा असेल, याचा काहीच नेम नसतो.

म्हणून येथे प्रवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, लागतो. समजा, कॉइलीचे प्रेरकत्व एक मिलिहेन्री आहे आणि तिच्यातील प्रवाह 40 मायक्रोसेकंदांत एका अँपिअरने वाढवावयाचा आहे. त्यासाठी 25 व्होल्ट लागतील, आणि निम्म्या वेळेत तेच काम हवे असेल तर 50. हुकमाची तामिली झाली की नाही हे पाहण्यासाठी कॉइलीच्या मार्गात एक लहानसा रोधक घालतात; त्याच्या दोन टोकांतील दाब खऱ्या प्रवाहाची साक्ष देतो, आणि ती साक्ष व मूळ हुकूम यांत जी तफावत पडेल ती भरून येईपर्यंत प्रवर्धक जोर लावीत राहतो. जोर कमी पडला तर चौकोनाचे कोपरे गोलावतात. अधिक झाला तर रेषेच्या टोकाशी बारीकसा आकडा उमटतो. मला तर खेळाच्या कल्पकतेइतकेच हे मोजून लावलेले बळ नवलाचे वाटते.

या तत्परतेचा आकार उष्णतेच्या रूपाने भरावा लागतो. किरण पडद्याच्या कडेशी नुसता धरून ठेवावयाचा तर कॉइलीला आणि रोधकाला मिळून दोनएक व्होल्ट पुरतात. पुरवठा 30 व्होल्टांचा असेल तर उरलेले 28 प्रवर्धकातील ट्रान्झिस्टरांवर पडतात, आणि एका अँपिअरला 28 वॅट नुसते तापण्यात जातात. तेवढ्यासाठीच ते धातूच्या जाड पट्ट्यांवर घट्ट आवळलेले असतात, आणि तरीही पुष्कळदा जळतात.

ते जळाले की किरण एकाच जागी थिजून तेथील स्फुरदीप्त लेप जाळून टाकील, म्हणून हालचाल थांबताच किरणच तोडणारे ‘स्पॉट किलर’ नावाचे मंडल योजलेले असते. सन 1981 च्या ‘टेम्पेस्ट’सारख्या रंगीत यंत्रांत त्याचा छोटा लाल दिवा पेटलेला दिसला की जाणता कारागीर चित्रनलिकेच्या वाटेला न जाता प्रथम मीटर लावतो तो त्या ट्रान्झिस्टरांना.