ओल कोठून येते?

पावसाळा तोंडावर आला की कोकणातील आमच्या आजोळी घर शाकारण्याची लगबग सुरू होत असे. आजोबा स्वतः शिडी लावून छपरावर चढत, तडकलेली कौले खाली देत आणि त्यांच्या जागी नवी बसवीत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर रुळलेली ही कौले एकमेकांच्या खाचेत बसणारी असल्याने एक काढून दुसरे घालणे हे घरच्या माणसाच्या हातचे काम होते. शिवाय गळती कोठे आहे हे विचारावे लागत नसे. जेथून उजेड दिसे तेथूनच पाणी येई.

आज आपल्यापैकी बहुतेकजण राहतात त्या सदनिकांत हे सुख नाही. नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या तारा सारे भिंतींच्या पोटात गाडलेले असते. बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडेच. अशा घरात स्वतःच्या हाताने दुरुस्ती करावी का, केल्यास कोणती करावी आणि कोठे थांबावे, याविषयीचे काही अनुभव व काही माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. अनुभव मुख्यतः चुकांचा आहे, हे आरंभीच मान्य करतो.

काही वर्षांपूर्वी माझी बदली बडोद्यास झाली. भाड्याचे घर चांगले होते. जुलैमध्ये शयनगृहाच्या एका भिंतीवर ओलीचा डाग उमटला. भिंतीपलीकडे स्नानगृह होते; परंतु बाहेर पाऊस कोसळत असल्याने आम्ही दोष पावसाला दिला. एका रविवारी मी पोपडे खरवडले, दोन हात पुट्टी भरली, वरून रंग दिला. खर्च जेमतेम आठशे रुपये झाला आणि समाधान मोठे मिळाले. तीन आठवड्यांत रंगाला फुगे आले आणि त्यांखालून पांढरा भुसा गळू लागला.

हा पांढरा भुसा म्हणजेच लोणा. विटा, वाळू व सिमेंट यांत मुळातच काही क्षार असतात. भिंतीत पाणी शिरले की ते विरघळतात आणि पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलून पाडतात. त्यामुळे ओल्या भिंतीवर पुट्टी भरणे म्हणजे थकीत कर्जखात्यावर नवे कर्ज देऊन ते नियमित दाखविण्यासारखेच आहे. तेव्हा मात्र हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी दुसऱ्यांदा पुट्टी भरली.

याच सुमारास घरातील वीज पहाटे अचानक जाऊ लागली. वितरण पेटीतील आर.सी.सी.बी. नावाचा खटका आपोआप पडत असे. या खटक्याचे कार्य बँकेतील माणसाला चटकन समजावे असे आहे. फेज तारेतून जेवढी वीज घरात गेली तेवढीच न्यूट्रल तारेतून परत आली पाहिजे, एवढाच ताळा तो क्षणोक्षणी घेत असतो. घरगुती वापराच्या खटक्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो मंडल तोडतो. फरक पडला याचा अर्थ काही वीज ओल्या भिंतीतून, एखाद्या यंत्राच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या शरीरातून अशी भलत्याच वाटेने जमिनीत जात आहे.

आमच्याकडे पाहुणे होते. पहाटे गीझर लावला की अंधार, हा प्रकार तिसऱ्यांदा घडल्यावर मी एका वायरमनला बोलावले आणि तो खटका दोन दिवसांपुरता बाजूला काढावयास सांगितले. त्याने पाच मिनिटांत तारा परस्पर जोडून दिल्या. रोख रकमेत फरक निघाला म्हणून मोजणीच बंद करावी, असे शाखेत कोणी सुचविले असते तर मी त्याला उभे केले नसते. घरी मात्र तेच केले. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले.

एके सकाळी आईने स्विचबोर्डाभोवतीची भिंत ओल्या फडक्याने पुसावयास घेतली. तिला जोराचा झटका बसला, हात फेकला गेला आणि ती मागच्या पलंगावर कोसळली. पलंग होता म्हणून निभावले. ज्या भिंतीवर ओल होती तीतच गीझरच्या जोडणीची पेटी होती. पाणी तिच्यात पोहोचले होते. खटका हेच सांगत होता आणि मी त्याचे तोंड बंद केले होते.

त्याच दिवशी परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावून खटका पूर्ववत् बसवून घेतला आणि गीझरचे मंडल तोडून ठेवले. ओल कोठून येते, हा प्रश्न तरीही उरलाच. त्याचे उत्तर गणेशोत्सवाने दिले.

उत्सवासाठी आम्ही दहा दिवस गावी गेलो. घर बंद होते, नळाचा मुख्य कॉक चालूच राहिला होता आणि बडोद्यात त्या दिवसांत पाऊस चांगला झाला होता. परतलो तेव्हा भिंतीवरील डाग आक्रसला होता, त्याची कड फिकट पडली होती. पाऊस असूनही ओल घटली, तेव्हा दोष पावसाचा नव्हता. नळाच्या पाइपात दहाही दिवस दाब होता, तरी ओल घटली. म्हणजे तो पाइपही निर्दोष. उरले ते आम्ही नसताना वापरात नसलेले स्नानगृहातील सांडपाणी.

ओलीचे निदान करताना ही कालगणना फार उपयोगी पडते. नळाच्या पाइपातील गळती चोवीस तास व बारा महिने चालते. सांडपाण्याची गळती वापराबरोबर वाढते व घटते. पावसाची ओल पावसानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी येते आणि हिवाळ्यात विरते. शंका राहिल्यास भिंतीवर वीतभर ॲल्युमिनियमची पन्नी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावी व दोन दिवसांनी काढून पाहावी. थेंब भिंतीकडील बाजूस असतील तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस असतील तर ती हवेतील बाष्पाची करामत आहे आणि खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय. वरच्या टाकीतून पाणी जाते की काय हे पाहावयाचे असल्यास रात्री भरणारा पंप बंद ठेवून टाकीच्या आत पातळीची खूण करावी व सकाळी पडताळावी.

स्नानगृहात वाकून पाहिले तेव्हा नहाणी ट्रॅपच्या जाळीभोवतीचे आणि कोपऱ्यातील फरश्यांमधले सिमेंट पार झिजलेले आढळले. घरात दुसरे न्हाणीघर असल्याने हे तीन दिवस वापराविना ठेवता आले. जुनी भर टोकदार पटाशीने तीन-चार मिलिमीटर खरवडली, धूळ काढली, सांधे पूर्ण सुकू दिले आणि दोन घटक मिसळून होणारे इपॉक्सी ग्राउट भरले. ते मिसळल्यावर लवकर घट्ट होते. म्हणून थोडे थोडे कालवावे व हातमोजे घालावेत. एक दिवस वाळल्यावर ट्रॅपचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास साठविले. भिंतीचा डाग जागचा हलला नाही.

यानंतरचा भाग कंटाळवाणा, परंतु चुकविण्यासारखा नाही. भिंत लगेच रंगवू नये. लोणा कोरड्या ब्रशाने झाडून काढावा. धुतल्यास क्षार पुन्हा विरघळून आत जातात. आमची भिंत पुरती सुकण्यास दिवाळी उजाडली. मग रंग दिला तो टिकला. गीझरची जोडणी ठेकेदाराने तपासून दिल्यावरच तो पुन्हा सुरू केला.

स्वतः निःशंकपणे कराव्यात अशा दुरुस्त्याही पुष्कळ आहेत. ठिबकणारा नळ ही त्यांतील पहिली. नळाखाली एक लिटरचे भांडे ठेवावे. ते तासाभरात भरत असेल तर दिवसाला २४ आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते. त्यापुढे वायसरची किंमत नगण्य आहे. मुख्य कॉक बंद करून जुन्या धाटणीच्या नळाचा आटा पान्याने सोडवावा, झिजलेला वायसर बदलावा. अर्ध्या वळणाहूनही कमी फिरणाऱ्या नव्या नळांत वायसर नसून सिरॅमिकच्या चकत्यांचे काडतूस असते. ते संपूर्ण बदलावे लागते. बाजारात जाताना जुने बरोबर न्यावे, वर्णनावर विसंबू नये. सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्याचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे द्यावेत. उलट दिल्यास नळ फिरविताना तेच सुटून येतात. पूर्वी याच कामाला सूत आणि सफेदा वापरीत, आणि जुने प्लंबर अजूनही त्याचीच तरफदारी करतात.

फ्लशच्या टाकीची गळती आवाज न करता होते. टाकीत कपड्यांच्या निळीचे थोडे थेंब टाकावेत व वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात निळसर पाणी दिसले तर तळाचा रबरी पडदा बदलावयास झाला आहे.

गच्चीवरील पन्हळीची तोंडे मे महिन्यात साफ करणे हेही घरच्या घरी होणारे काम. गच्चीत पाणी तुंबून राहिले की कितीही चांगला कोबा अखेर हार मानतो. शिडीची उंची चार फूट असेल तेथे तिचा पाया भिंतीपासून एक फूट असावा, आठ फूट असेल तेथे दोन, आणि खाली धरणारा माणूस हवाच. सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र चढूच नये. ते वर्षागणिक ठिसूळ होतात आणि पाय देताच फुटतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांना भोके पाडणे किंवा ते कापणे याने उडणारी धूळ फुप्फुसांस घातक आहे.

विजेच्या बाबतीत गृहस्थाने तीनच गोष्टी कराव्यात: खटका पाडावा, दिवा बदलावा आणि आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो याची खात्री करावी. एम.सी.बी. वारंवार पडतो म्हणून अधिक क्षमतेचा बसविणे हा सर्रास चालणारा प्रकार तारांना आग लावणारा आहे, कारण तार जुनीच राहते. बंगल्याच्या आवारात अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

तुंबलेल्या मोरीत आम्ल ओतले असेल तर त्यावर ब्लीचिंग पावडर कदापि टाकू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. त्याहून गंभीर बाब सेप्टिक टाकीची. झाकण उघडून आत उतरणे, मग ते क्षणभर का असेना, हे मृत्यूला बोलावणे आहे. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असला की वासाची जाणीवच नाहीशी करतो, त्यामुळे धोक्याची सूचनाही मिळत नाही. पहिल्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही वर येत नाही. स्वतः उतरू नये तसेच चार पैसे देऊन दुसऱ्यालाही उतरवू नये. पुरेशा संरक्षक साधनांविना माणसाकडून अशी टाकी साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शोषक यंत्राची गाडी बोलवावी.

भिंतीतील केसासारख्या भेगा पुट्टीने बुजविता येतात. परंतु भेग तिरपी व रुंद असेल तर तिच्यावर काचेची अरुंद पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे. तुळईच्या लांबीने जाणारी, गंजाचे तांबूस डाग असलेली भेग म्हणजे आतील सळई गंजून फुगल्याची खूण. तेथे स्थापत्य अभियंत्याशिवाय कोणाचाही हात लागू नये. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. गच्चीतून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेचा आणि सदनिकेतील शौचालय, मोरी यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदाचा, अशी विभागणीही त्यांत आहे. शेजाऱ्यांतील निम्मी भांडणे हे उपविधी वाचल्याने मिटतील असे वाटते.

मोठ्या दुरुस्तीसाठी बँका कर्ज देतात. त्यासाठी ठेकेदाराचे किंवा अभियंत्याचे खर्चपत्रक लागते आणि ते काम सुरू होण्यापूर्वीचे असावे. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतची वजावट जुनी करपद्धती निवडणाऱ्यांस मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ती नाही. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या भारत गृह रक्षा विम्यात आग, वादळ, पूर यांबरोबर पाण्याच्या टाक्या व पाइप फुटल्याने होणारे नुकसानही येते. वर्षानुवर्षे झिरपलेल्या ओलीची भरपाई मात्र त्यातून होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

बडोदे सोडताना मी मीटरच्या पेटीच्या दारावर आतून एक कागद चिकटविला. मुख्य कॉक कोठे आहे, कोणत्या नळाचा वायसर कधी बदलला, फरशीचे सांधे कधी भरले, खटक्याची चाचणी शेवटची कधी घेतली, एवढाच मजकूर होता. शाखेचा कार्यभार सोपविताना यादी देतात तशी. पुढील भाडेकरूचा एकदाच दूरध्वनी आला. पहाटे खटका पडतो, तो काढून टाकू का, असे ते विचारीत होते. मी त्यांना आधी गीझर बंद करावयास सांगितले आणि मग भिंतीला हात न लावता डाग कोठे आहे ते पाहावयास.