वेल्डिंग मशीन आवाज करतंय? आधी नीट ऐका

आजचा भाग आवाजांबद्दल आहे, त्यामुळे ऐकायलाच जास्त मजा. पण ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

मी बी.टेक. झालेला सॉफ्टवेअरवाला. गेल्या मे महिन्यात जळगावच्या घरी जिन्याला रेलिंग करायचं म्हणून २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलं. बटण दाबलं, पंखा घोंघावला आणि सेकंदाभरात आतून 'टक्' झालं. मी घाबरून प्लगच काढला. धुळ्याला मामांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, त्यांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, "मशीन बोलस, तू आयक!"

तर काय बोलतं ते बघू.

'टक्'. मशीनमध्ये मोठे कपॅसिटर असतात. सुरुवातीला ते रिकामे असतात. थेट वीज सोडली तर एवढा करंट ओढतील की एमसीबी पडेल. म्हणून ते आधी एका रेझिस्टरमधून हळूहळू भरतात. भरले, की रिले त्या रेझिस्टरला वाटेतून बाजूला करतो. 'टक्' होतं ते त्या रिलेचं.

गुणगुण. मामांचं जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन सतत 'हूंऽऽ' करतं. आपली वीज ५० हर्ट्झची. चुंबकत्वाची दिशा कुठलीही असो, लोखंडी गाभ्याची लांबी किंचित बदलतेच. म्हणजे एका आवर्तनात दोनदा, सेकंदाला १०० वेळा. तीच ती गुणगुण. इन्व्हर्टर मशीनचं स्विचिंग साधारण २० हजार हर्ट्झच्या वर चालतं, ते आपल्या कानाला ऐकूच येत नाही. म्हणून तिथे मुख्य आवाज पंख्याचाच.

तडतड. रॉड बरोबर अंतरावर असला की गरम तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. रॉड लांब गेला की फसफस होते आणि ठिणग्या उडतात. रॉड चिकटला की तडतड बंद होते, जुनं मशीन तर जड घुमायला लागतं. तेव्हा मशीनला दोष देऊ नका, हात सुधारा.

काम थांबलं तरी पंखा सुरू. हेही ठीकच. मशीनवर '६० टक्के ड्यूटी सायकल' लिहिलेलं असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. आणि हा आकडा ४० अंश तापमान धरून दिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो! त्यामुळे पिवळा दिवा लवकर लागणारच. तेव्हा बटण बंद करू नका, पंख्याला आतली उष्णता बाहेर काढू द्या.

आता माझी चूक. 'टक्'ला घाबरणारा मी, दुसऱ्या दिवशी अर्थिंग क्लॅम्पकडून येणाऱ्या बारीकशा चिरचिरीकडे दुर्लक्ष केलं. एवढासा आवाज, त्यात काय! थोड्या वेळाने रबर जळल्याचा वास आला. क्लॅम्प रंगवलेल्या पाइपवर लावला होता आणि केबलच्या लगचा नट ढिला होता. केबलचं आवरण वितळून खालची तांब्याची तार उघडी पडली होती. तिथून हातभर अंतरावर आमचा लाकडी दरवाजा. नशीब, वास वेळेवर आला.

त्या दिवशी कळलं, आवाज किती मोठा यावर धोका ठरत नाही. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्येही आपण रोजच्या ओळी सोडून नवी ओळ शोधतो. इथेही तसंच. क्लॅम्प किंवा होल्डरच्या जोडात चिरचिर, पंख्याची खरखर, गुणगुणीत अचानक खडखड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एरवी चालणारा पंखा गप्प. यातलं काहीही झालं की काम थांबवा, प्लग काढा. झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते, ते काम मेकॅनिकचं.

नवीन मशीन आणलं असेल तर पहिल्या दिवशी, सगळं ठीक असताना, त्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे शंका आली की तुलना करायला बरं. भेटू पुढच्या भागात!