मिनिटाला साठ शब्द

‘आजीने चुलीवर गरम भाकरी भाजली.’

पाच शब्दांचं हे वाक्य तुम्ही वाचून मोकळेही झालात. आता तेच नुकतीच अक्षरं जुळवू लागलेल्या मुलाकडून ऐका. ‘आ… जी… ने… चु… ली…’ बोट ओळीवरून गोगलगायीसारखं सरकतं. एकही अक्षर चुकत नाही. ‘भाजली’पाशी पोचल्यावर विचारा, ‘भाकरी कोणी भाजली रे?’ मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. वाटेत आजी हरवलेली असते!

हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवायला मेंदूत जी जागा असते, ती एखाद्या कोनाड्याएवढी. त्यात मोजक्याच गोष्टी मावतात, त्याही काही सेकंद. अक्षरं ओळखण्यातच कोनाडा भरला की अर्थ बाहेर उभा राहतो. म्हणून वाचनाचा वेग हा शर्यतीचा भाग नाही; आजी लक्षात राहण्याची ती अट आहे.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने म्हणूनच हे उद्दिष्ट ठरवलं: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. मुदत २०२६-२७. साठ शब्द म्हणजे सेकंदाला एक. या वेगाने आपलं वाक्य पाच सेकंदांत संपतं आणि आजी चुलीपाशीच असते.

पण या साठ शब्दांत काय काय दडलंय बघा. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूत नवा भाग तयार होणं शक्यच नव्हतं. म्हणून चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा आपण अक्षरांना देऊन टाकतो, आणि प्रत्येक मुलाला ही उसनवारी नव्याने करावी लागते. त्यात आपली देवनागरी! ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, उच्चारताना ‘क’ आधी. एकटा ‘र’ घ्या: सूर्यात तो डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी तिरका होतो, ट्रकखाली टोपी उलगडल्यासारखा दिसतो आणि दऱ्यांमध्ये आडवा पडतो. आठ वर्षांच्या मुलाने हे सगळे वेश क्षणात ओळखायचे असतात.

आता या उद्दिष्टाचा प्रवास बघा. दिल्लीहून मुंबई, तिथून जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकाऱ्यांचं बीट, केंद्रप्रमुखांचं केंद्र आणि शेवटी वाडीवरची दोन खोल्यांची शाळा. प्रत्येक टप्प्यावर त्याची टक्केवारी होते, तक्ते होतात. शेवटच्या खोलीत मात्र त्याचा पुन्हा आवाज होतो: एक मूल वाचतंय, बाई ऐकताहेत.

त्या खोलीचा हिशेबही वेगळाच. साठपर्यंत पट असला तर शिक्षण हक्क कायद्याने शिक्षक दोन, आणि वर्ग पहिली ते चौथी. बाई दुसरीला बेरजा देऊन पहिलीकडे वळतात, तोवर दुसरी खिडकीबाहेरची शेळी मोजत असते. हे शाळेचं दुखणं मानलं जातं. पण गंमत अशी, की यातच एक उपाय दडलाय.

१९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने एक साधी गोष्ट करून पाहिली. रोज तास-दीड तास इयत्ता विसरायची आणि मुलं पातळीप्रमाणे बसवायची: अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी आणखी पुढे. पुढे २०१९ चं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी प्रत्यक्ष शाळांमध्ये ही पद्धत तपासली. मुलं खरंच पुढे सरकली. दोन शिक्षकी शाळेत इयत्ता तशाही एकत्रच बसतात. पातळीचे गट करायला तिथे भिंत आड येत नाही!

मोजमापही तितकंच साधं. २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणाचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलासमोर मजकूर ठेवतात: अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत ही गोष्ट वाचू शकणारी तिसरीची मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. चढ मोठा आहे. तरी शंभरातल्या शहात्तर-सत्त्याहत्तर मुलांची आजी अजून वाटेतच आहे.

गावी जाल तेव्हा एखाद्या पुतणीला, भाचरालाही शेजारी बसवा आणि गोष्टीचं एक पान वाचायला सांगा. घड्याळ दाखवू नका, मध्ये टोकू नका. पान संपल्यावर एवढंच विचारा, ‘मग काय झालं?’ जिल्ह्याचं उद्दिष्ट कुठवर आलंय, ते तिच्या उत्तरात कळेल.