गाव छोटं, गुपितं मोठी. 'व्हर्जिन रिव्हर'सारख्या कथा का आवडतात?

लॉस एंजेलिसमधली नर्स मेल मन्रो नवऱ्याच्या मृत्यूनंतर कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या एका लहान गावात नोकरीला येते. तिथं बार चालवणारा माजी सैनिक जॅक तिला भेटतो. रॉबिन कार यांची 'व्हर्जिन रिव्हर' ही कादंबरी २००७ मध्ये आली. डिसेंबर २०१९ मध्ये ती मालिका म्हणून नेटफ्लिक्सवर पोहोचली. गाव मात्र काल्पनिक आहे.

गावच का?
शहरात शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं. गावात नवं माणूस आलं की चौकशी सुरू होते. प्रेम जुळायचं तर भूतकाळ सांगावा लागतो आणि एकाला सांगितलं की गावभर होतं. कथेतला ताण इथूनच येतो.

सगळी गुपितं सारखी असतात का?
नाही. मेल स्वतःचं दुःख लपवते. याच मालिकेतल्या 'शेल्टर माउंटन' या पुस्तकातली पेज मात्र मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लहान मुलासह पळालेली असते. बारचा स्वयंपाकी प्रीचर तिला आसरा देतो. तिच्यासाठी गुपित म्हणजे जीव वाचवणं.

लियान मोरियार्टी यांच्या 'बिग लिटल लाइज'मध्ये (२०१४) उलटं घडतं. ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यावरच्या वस्तीत सिलेस्टचं घर सुखी दिसतं, आत मात्र मारहाण चालते. तिथं गप्प राहणंच जिवावर बेततं.

म्हणून या कथांमध्ये 'दोघं एकत्र येणार का?' एवढाच प्रश्न नसतो. तिनं कुणाला सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं पुढे काय केलं, हेही तितकंच महत्त्वाचं ठरतं.