वाऱ्याची वाट

यंत्रमागांचा खडखडाट ऐकत दिवस सुरू करणारी मराठी घरे सुरतेच्या लिंबायत भागात थोडीथोडकी नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून आलेल्या कुटुंबांनी येथे मागावर आयुष्ये वेचली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मागावरचे कापड गावोगावी पोचविणाऱ्या मालमोटारी ज्यांच्या हातांनी रस्त्यावर टिकून राहतात, त्या मिस्त्रींविषयी आपण क्वचितच बोलतो. त्यांच्यापैकी एकाच्या कारागिरीची ओळख वाचकांना करून द्यावी, असा आमचा विचार आहे.

लिंबायतमधील एका लहानशा गॅरेजात आम्ही बसलो असता एक गाडीमालक आले. साड्यांच्या गाठी घेऊन सुरत ते धुळे हा त्यांचा नित्याचा फेरा. ‘भाऊ, गाडी वढस नही,’ एवढेच ते म्हणाले आणि बाकावर बसले. नवापूर मागे पडून कोंडाईबारीचा घाट लागला की गाडी काळा धूर ओकते आणि भर चढावर दम सोडते, अशी त्यांची तक्रार होती. डिझेल जास्त लागू लागले होते आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता तर चुकत नव्हता. पंपातून डिझेल वाढवून घ्या, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता.

मिस्त्रींनी पंपाला हातही लावला नाही. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या वाटेची दोन्ही तोंडे त्यांनी झाकणांनी बंद केली, कॉम्प्रेसरने आत बेताचीच हवा भरली आणि सगळ्या जोडांवरून साबणाचे पाणी फिरविले. इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या वळणावर बुडबुडे फुलून आले. पाइप चासीच्या पट्टीला घासून तेथे नखाएवढी चीर पडली होती.

एवढ्याशा चिरेने एवढी मोठी गाडी कशी हरते? डिझेल जळण्यास हवा लागते. सहा लिटरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटास सुमारे ६००० लिटर, म्हणजे २०० लिटरची तीस पिपे भरतील एवढी हवा गिळते. हवा याहून अधिक कोंबावी, म्हणजे त्याच इंजिनातून अधिक ताकद निघेल, हा टर्बोमागील विचार. इंजिनाबाहेर वाया जाणाऱ्या धुराच्याच जोरावर हवा दाबणारा पंखा फिरविण्याच्या कल्पनेसाठी स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंट मागितले होते.

तथापि हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना हाताला लागणारी ऊब आपण सर्वांनी अनुभवली आहे. बाहेरची ३५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाची केली, तर ती सुमारे १३० अंशांपर्यंत चढते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती रेडिएटरपुढील इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात. ती ६० अंशांवर आली, तर त्याच दाबाला त्याच जागेत सुमारे एक पंचमांश अधिक हवा मावते. ही मिळकत वाटेतच गळली, तर डिझेल अर्धवट जळते. घाटातील काळा धूर तो हाच. अशा वेळी डिझेल वाढविणे म्हणजे धूर आणि उष्णताच वाढविणे होय.

गाडी जुनी असल्याने मूळ पाइप बाजारात मिळेना. तो घडविणेच भाग होते. मिस्त्रींनी आधी जाड तार वाकवून वाटेचा साचा घेतला. त्याबरहुकूम ॲल्युमिनियमच्या सरळ नळ्या आणि तयार वळणे कापली, जागेवर टाके मारून पाहिली आणि मग आर्गन वेल्डिंगने जोडली. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा नळ या कामाला ते घेत नाहीत. वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर छातीला घातक असतो.

सर्वांत अधिक वेळ गेला तो पाइपच्या तोंडाशी उंचवटा काढण्यात. ‘एवढ्या कडेसाठी एवढा खटाटोप?’ असे आम्ही विचारले. त्यांनी हिशेबच मांडला. पाइपचे तोंड ७५ मिलिमीटरचे, आतला दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो. म्हणजे होज निखळविण्यास सुमारे ४४ किलोंचा रेटा. कडा नसेल, तर क्लॅम्प कितीही आवळा, होज एके दिवशी निसटणारच. होजही पाइपइतकीच आवश्यक. इंजिन रबराच्या बैठकीवर हलते, इंटरकूलर चासीला बांधलेला असतो. सगळी वाट ताठ केली तर ती तडकणारच. होज निवडताना ती उष्णतेला आणि टर्बोतून येणाऱ्या तेलाच्या अंशाला टिकणारी हवी.

मग पाइपचे पोट घासूनपुसून, हवा मारून साफ केले गेले. इंटरकूलरनंतरच्या पाइपात वेल्डिंगचा एखादा कण राहिला, तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. एअर फिल्टर ते टर्बो या भागातील गळती याहून घातकी. तेथून हवा बाहेर जात नाही, उलट न गाळलेली धूळ आत ओढली जाते आणि टर्बोची पाती, सिलिंडर झिजतात.

‘आता पाइप मोठाच घाला, ताकद वाढेल,’ असा आग्रह मालकांनी धरला. मिस्त्रींनी तो मानला नाही. उगाच मोठी पोकळी केली, तर ती भरून दाब चढण्यासच उशीर लागतो. शिवाय मूळ मापाचा पाइप बदलणे ही दुरुस्ती, तर इंजिनाचा मूळ बेत पालटणे हा निराळा व्यवहार. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाने गाडीतील फेरबदलांवर मर्यादा घातल्या आहेत. १ एप्रिल २०२०पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६च्या गाड्यांत तर याच वाटेवर दाब आणि उष्णता मोजणारी उपकरणे असतात; तेथे अंदाजाचे काम चालत नाही.

चार पैसे अधिक मिळत असताना ‘नको’ म्हणणे सोपे नसते. पण चढावर दम सोडलेली भरलेली गाडी मागे सरकू लागली, तर मागच्या गाडीतील माणसांचे काय होईल, हे ज्याला दिसते, तोच तसे म्हणू शकतो. शिवाय तो काळा धूर घाटात जसा पसरतो, तसाच लिंबायतच्या अरुंद गल्ल्यांतही. तेथे आपलीच मुले श्वास घेत असतात.

शेवटी पुन्हा साबणाचे पाणी फिरविले. एकही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी दहिवेलहून गाडीमालकांचा फोन आला; गाडी घाट चढून आली होती. मिस्त्रींनी फोन ठेवण्यापूर्वी एकच सूचना केली: ‘परत आल्यावर क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या.’