कॉम्प्युटर घरघरतोय? आधी नीट ऐका

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला यंत्राचा आवाज ओळखायला शिकवावे लागत नाही. धोट्याची खटखट एका लयीत चालू असेल तोवर माग ठीक आहे. लय बिघडली, की जुना कामगार हातातला चहा खाली ठेवून उठतो. आता त्याच घरात नातवाचा गेमिंग कॉम्प्युटर असतो, मोठी रक्कम घालून घेतलेला. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री त्यातून घरघर सुरू झाली, की घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, ‘चालतोय ना, मग राहू दे.’ दुसरा म्हणतो, ‘आता नवाच घ्यावा लागणार.’ दोन्ही मते घाईची असतात.

आवाज हा रोग नव्हे, लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच असे नसते, तसेच आवाज आला म्हणजे मशीन गेले असेही नसते. तो कुठून येतो, केव्हा येतो आणि कशामुळे बदलतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक निदान घरीच होते.

उन्हाळ्याचा आवाज

हिवाळ्यात शांत असलेला कॉम्प्युटर एप्रिलमध्ये गोंगाट करू लागला, तर आधी खोलीतल्या हवेकडे पाहावे. हवेने थंड होणारी चिप खोलीच्या तापमानाबरोबरच वर सरकते. खोली 25 अंशांवर असताना गेममध्ये 70 अंशांपर्यंत जाणारा प्रोसेसर, खोली 42 अंशांवर गेली की साधारण 87 अंश गाठतो. मग पंखे जोरात फिरतात. पंख्याचा वेग दुप्पट झाला, की आवाज सुमारे 15 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. ‘सूऽऽ’ असा एकसारखा वाऱ्याचा आवाज हा बिघाड नव्हे, मशीनला लागलेली धाप आहे.

मात्र ही धाप धुळीमुळेही लागते. यंत्रमागाच्या परिसरात हवेत सुताचे बारीक तंतू असतात. साधी धूळ सुटी राहते, तंतू मात्र एकमेकांत गुंततात आणि हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो. हवा आत जातच नाही. अशा घरांत दर दोन-तीन महिन्यांनी सफाई केलेली बरी. प्लग काढून, कॅबिनेट उघडून ब्लोअरने हवा मारावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या जोराने पंखा भरधाव फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

घरघर, टकटक, शिट्टी

मराठीत आवाजांसाठी जितके शब्द आहेत, ते सगळे इथे कामाला येतात.

‘घरघर’ किंवा ‘करकर’ बहुधा पंख्याच्या बेअरिंगची असते. स्वस्त पंख्यांत बुश असते. उष्णतेने त्यातले तेल आटते आणि दांडा घासू लागतो. सुरू करताना आवाज मोठा आणि थोड्या वेळाने कमी होत असेल, तर संशय पक्का समजावा. मशीन बंद करून पाते हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल किंवा दांडा डगमगत असेल, तर पंखा बदलावा. कॅबिनेटचा साधा पंखा काही शे रुपयांत येतो.

‘टर्रऽऽ’ असा सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकल्यासारखा आवाज आला, तर बहुधा एखादी वायर पंख्याला लागत असते. ती बांधून टाकली की संपले. कॅबिनेटवर हात दाबल्यावर आवाज थांबला, तर स्क्रू सैल आहे.

‘गुळगुळ’ येते ती पाण्यावर चालणाऱ्या कूलरमधून. सुरू करताना काही सेकंद आली तर बुडबुडा सरकतोय एवढेच. ती सतत येत असेल आणि तापमानही वाढत असेल, तर पंपात हवा अडकली आहे किंवा पाणी कमी झाले आहे.

बारीक, कान टोचणारी शिट्टी बहुधा ग्राफिक्स कार्डातून येते. ती फिरणाऱ्या भागाची नसते. वीज झपाट्याने कमी-जास्त होताना तारेची वेटोळी कंप पावतात, त्याचा तो आवाज. पंख्याचा आवाज हळूहळू चढतो, शिट्टी मात्र पडद्यावरचे दृश्य बदलताच बदलते. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला 60 चित्रांची मर्यादा घालून पाहावी. शिट्टी कमी झाली, तर निदान झाले. कानाला त्रास होतो, पण एरवी ठीक चालणाऱ्या कार्डाला त्यातून सहसा धोका नसतो.

जागा शोधायला एक जुनी युक्ती आहे. 1816 साली पॅरिसमध्ये डॉ. रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तिथून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. वर्तमानपत्राच्या पानाची तशीच सुरळी करून तिचे एक टोक कानाला आणि दुसरे कॅबिनेटच्या जाळीबाहेर धरावे. कोणता पंखा ओरडतोय ते समजते.

आवाज एसएमपीएसमधून येत असेल, तर मात्र हात आवरावा. त्याच्या आत सुमारे 325 व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ कपॅसिटरमध्ये टिकतो. तो डबा घरी उघडू नये.

सर्वांत हलका, सर्वांत घातक

सर्वांत मोठा आवाज सर्वांत धोक्याचा नसतो. हार्ड डिस्कची ठरावीक अंतराने येणारी ‘टक... टक... टक’ पंख्याच्या घरघरीत ऐकूही येत नाही. डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला 7,200 फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ते टोक आपली जागा शोधू शकत नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा मागे येते. त्याची ती टकटक.

अशा वेळी आणखी चाचण्या करत बसू नये. मशीन चालू असेल आणि फायली उघडत असतील, तर आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवाव्यात. उघडत नसतील, तर मशीन बंद करून जाणकाराकडे न्यावे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपाय करू नये, आत ओल धरते. पंखा नवा मिळतो. लग्नाचे फोटो आणि मुलीचा प्रोजेक्ट दुकानात मिळत नाहीत.

अचानक आलेली शांतताही संशयास्पद असते. गेम ऐन रंगात असताना पंखे थांबले आणि मशीन आपोआप बंद पडले, तर तो आराम नव्हे. मात्र साधे काम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचे पंखे थांबलेले दिसले, तर काळजी नको. अनेक कार्डांची रचनाच तशी असते.

कानाचे काय?

कधी नातू तक्रार करतो, ‘शिट्टी वाजतेय’, आणि आजोबा म्हणतात, ‘मला तर काही ऐकू येत नाही.’ दोघेही खरे बोलत असतात. वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. आयुष्य मागाच्या खटखटीत गेले असेल, तर 4,000 हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती लवकर जाते. म्हणून शिट्टीचे निदान घरातल्या लहान कानांकडून करून घ्यावे.

पण त्या लहान कानांनाही धोका आहे. मशीनचा गोंगाट झाकायला मुले हेडफोनचा आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी 75 डेसिबल. दर 3 डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. 80 ला 40 तास, तर 89 ला फक्त 5. तेव्हा पंखा साफ करणे हा कानाचाही उपचार आहे.

शेवटची चाचणी सर्वांत सोपी आणि ती खरे तर सर्वांत आधी करावी. मशीन बंद करा, प्लग काढा आणि शांत बसा. शिट्टी अजून ऐकू येत असेल आणि खोलीत दुसरे काही वाजत नसेल, तर ती कॉम्प्युटरमध्ये नाही, कानात आहे. त्याला कर्णनाद म्हणतात. तो टिकून राहिला, तर कॉम्प्युटरच्या दुकानात न जाता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. बेअरिंग बदलता येते. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.