सहा तारांचा प्रोग्रॅमर

कोरमंगलात कोड लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. फ्लिपकार्ट २००७ साली इथल्याच एका फ्लॅटमधून सुरू झालं आणि पुढे स्टार्टअपच्या पाट्या या ब्लॉकमधून त्या ब्लॉकमध्ये फिरत राहिल्या. पुण्या-नागपूरहून आलेली मराठी मुलं इथल्या पीजीत राहतात, दिवसभर कोड लिहितात. तो कोड कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर चालतो. आपण लिहिलेल्या ओळी बोटाच्या पेरावर मावणाऱ्या चिपमध्ये नेमक्या उतरतात कशा, हे त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ज्याला ते पाहायचंय, त्याने घरी एक प्रोग्रॅमर बनवावा.

संगणकावर तयार झालेल्या कोडची हेक्स फाइल मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीत भरणारं छोटं यंत्र म्हणजे प्रोग्रॅमर. पूर्वी हे काम हौशी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. इंटेलच्या ८७५१ चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असायची; जुना प्रोग्रॅम पुसायचा तर ती चिप पंधरा-वीस मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवायची. नंतरच्याही बऱ्याच चिपना लिहिताना बारा-तेरा व्होल्ट लागत. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगन आणि वेगार्ड वोलान या दोघांनी मांडलेली एव्हीआर चिप अ‍ॅटमेलने १९९० च्या दशकात बाजारात आणली आणि ही कटकट पुष्कळच कमी झाली. चिप सर्किटमध्येच ठेवायची आणि पाच व्होल्टवरच लिहायची. तारा सहा: दोन वीजपुरवठ्याच्या, एक रिसेटची, एक घड्याळाची, एक आत जाणाऱ्या डेटाची (मोसी) आणि एक बाहेर येणाऱ्या डेटाची (मिसो).

संवाद अगदी मोजका आहे. रिसेटची तार शून्यावर खेचायची, म्हणजे चिप आपलं काम थांबवते. मग घड्याळाच्या ठोक्यावर चार बाइट पाठवायचे, हेक्साडेसिमलमध्ये लिहिले तर: एसी, ५३, शून्य, शून्य. तिसरा बाइट जात असताना चिप ५३ परत पाठवते, म्हणजे ऐकू आलं. त्यानंतर तिची ओळख विचारायची. अ‍ॅटमेगा८ असेल तर उत्तर येतं १ई, ९३, ०७. हे तीन आकडे स्क्रीनवर उमटले की अर्धी लढाई जिंकली. प्रत्यक्ष प्रोग्रॅम भरणं त्यामानाने रटाळ काम आहे.

जुन्या हौशी लोकांचा प्रोग्रॅमर म्हणजे प्रिंटरची केबल आणि चार-पाच रेझिस्टर. पॅरलल पोर्टच्या पिना सॉफ्टवेअरमधून थेट हलवता येत. स्वस्त होतं आणि धोक्याचंही, कारण एक तार चुकली की मदरबोर्डचा पोर्टच जायचा. लॅपटॉपवरून तो पोर्टच गेला आणि हा मार्ग बंद झाला. त्याची जागा घेतली ती थॉमस फिशल यांच्या यूएसबीएएसपी या प्रोग्रॅमरने. यात यूएसबीसाठी वेगळी चिप नाहीच. साधी अ‍ॅटमेगा८ सॉफ्टवेअरच्या जोरावर यूएसबी बोलते. यूएसबीचा कमी वेग सेकंदाला १५ लाख बिट. चिपचा क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा. म्हणजे एका बिटसाठी चिपला आठच ठोके मिळतात. तेवढ्यात बिट वाचायचा, साठवायचा, पुढच्याला तयार राहायचं. हे फर्मवेअर ज्यांनी असेंब्लीत लिहिलं त्यांना सलाम.

सामान फारसं नाही. अ‍ॅटमेगा८ आणि तिचं सॉकेट, क्रिस्टल, डेटाच्या तारांवर ६८ ओहमचे दोन रेझिस्टर आणि ३.६ व्होल्टचे दोन झेनर डायोड, त्यांतल्या डी मायनस या तारेवर एक पुलअप रेझिस्टर, काही कपॅसिटर, एक यूएसबी केबल. झेनर गाळू नका. चिप पाच व्होल्टवर चालते, पण यूएसबीच्या डेटा तारांना तेवढं चालत नाही. कोरमंगलातून हे घ्यायला एस. पी. रोड गाठावा लागतो. सदर पत्रप्पा रोडच्या त्या गल्ल्या म्हणजे बेंगळुरूचा लॅमिंग्टन रोड. पुणेकरांनी पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं आठवावीत. यादी कागदावर नेलेली बरी, गर्दीत काउंटरवर उभं राहून विचार करायला कोणी वेळ देत नाही.

आता गंमत अशी, की हा प्रोग्रॅमर स्वतःच एक कोरी चिप आहे. तिच्यात फर्मवेअर भरायला आधी प्रोग्रॅमर हवा! सुटका आर्डुइनो उनो हा तयार बोर्ड करतो. त्यात ‘आर्डुइनोआयएसपी’ हे तयार स्केच टाकलं की १० ते १३ या चार पिना प्रोग्रॅमरचं काम करतात. रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, नाहीतर संगणकाने पोर्ट उघडताच उनो स्वतःच रिसेट होतो.

चिप उत्तर देत नाही, हा संदेश नवशिक्याला हमखास भेटतो. बहुतेकदा दोष वायरिंगचा असतो. सिरीयल पोर्टची सवय असलेली माणसं तारा उलटसुलट जोडतात; इथे मोसी मोसीलाच आणि मिसो मिसोलाच जातो. दुसरा घोळ सहा पिनांच्या कनेक्टरचा. नकाशा वरून काढलेला, आपण सोल्डर करतो खालून, आणि डावं-उजवं बदलतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक पिन तपासली की दोन्ही सापडतात.

असा प्रोग्रॅमर तयार दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तेव्हा पैसे वाचवायला कोणी तो बनवू नये, शिकायला बनवावा. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाला हे चांगलं ठाऊक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या आश्रमात २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने फॅब लॅब आली. अशा लॅबशी जोडलेल्या फॅब अकॅडमीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना तांब्याचा बोर्ड कोरून, त्यावर बारीक भाग बसवून ‘फॅबआयएसपी’ हा प्रोग्रॅमर करायला लावत. पुढच्या बोर्डांसाठी मग तोच वापरायचा. स्वतः केलेलं हत्यार बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं, हा हिशेब मला पटतो.

बनवायला बसाल तेव्हा अ‍ॅटमेगा८ दोन घ्या. आधी नुसती ओळख वाचा, मग फर्मवेअर भरा आणि फ्यूज, म्हणजे चिपची मूलभूत सेटिंग ठरवणारे बाइट, सगळ्यात शेवटी लिहा. यूएसबीएएसपीसाठी वरचा फ्यूज सी९ आणि खालचा ईएफ. सी९ च्या जागी चुकून ४९ टाकलंत तर रिसेटची पिन साधी पिन होते, आणि मग बारा व्होल्टचा वेगळा प्रोग्रॅमर आणल्याशिवाय ती चिप पुन्हा उघडत नाही.